घरगुती ध्वनी डिजिटायझर

ध्वनी डिजिटायझर म्हणजे मायक्रोफोन किंवा टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या विद्युत संकेताचे संगणकाला साठवता येतील अशा अंकांत रूपांतर करणारे उपकरण होय. १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांत ही सोय सहसा नसे. त्यामुळे हौशी तंत्रज्ञ सुटे भाग जोडून ते स्वतः तयार करीत.

पार्श्वभूमी

१९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पामुळे भारतातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. त्यांत अॅनालॉग संकेत मोजणारा परिवर्तक होता. मात्र एका मोजणीस त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागत. सेकंदाला १०० मोजण्या जॉयस्टिकसाठी पुरेशा असल्या, तरी मानवी आवाजासाठी फारच अपुऱ्या होत्या. त्यामुळे वेगळा परिपथ जोडावा लागे.

रचना

मायक्रोफोनचा काही मिलिव्होल्टचा संकेत प्रथम विवर्धकाने वाढवून २.५ व्होल्टभोवती स्थिर केला जातो. पुढे तो फिल्टरमधून एडीसी ०८०४ सारख्या चिपकडे जातो. ही चिप ० ते ५ व्होल्टची पट्टी २५६ पायऱ्यांत विभागते. प्रत्येक पायरी सुमारे २० मिलिव्होल्टची असते. संकेत या पट्टीबाहेर गेल्यास आवाज फाटतो व चिपही बिघडू शकते. मिळालेले अंक आठ तारांनी संगणकाच्या युजर पोर्टवर येतात. बेसिक भाषा यासाठी संथ असल्याने वाचनाचा प्रोग्राम यंत्रभाषेत लिहितात.

नमुनादर आणि फिल्टर

नमुनादर हा ध्वनीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. सेकंदाला ८,००० नमुने घेतल्यास ५,००० हर्ट्झचा स्वर ३,००० हर्ट्झचा असल्यासारखा नोंदला जातो. हा खोटा स्वर नंतर वेगळा काढता येत नाही. म्हणून फिल्टर परिवर्तकाच्या आधीच बसवावा लागतो.

मर्यादा

या दराने सुमारे २५,००० बाइट मोकळ्या स्मृतीत जेमतेम ३ सेकंदांचा आवाज मावतो. दर कमी केल्यास वेळ वाढतो, पण स्पष्टता घटते. मराठीत हे विशेष जाणवते. ‘स’ या वर्णाची बरीच ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असल्याने ‘साल’ व ‘शाल’ यांतील भेद पुसट होतो. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’च्या दोन उच्चारांचेही तसेच होते.

आजच्या संगणकांत व मोबाइलमध्ये परिवर्तक अंगभूत असतो. ध्वनी-सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० नमुने आहे. तत्त्व मात्र तेच आहे. पालघर किनाऱ्यावरील मांगेली, वाडवळी यांसारख्या बोलींच्या जुन्या कॅसेटींचे अंकीकरण करताना दर कमी ठेवल्यास गमावलेला उच्चार परत मिळवता येत नाही. त्यासाठी अंकीकरणानंतरही मूळ कॅसेट जपून ठेवणे आवश्यक असते.