अर्ज वाचायचाच नाही

1836 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने एक ठराव मंजूर केला. गुलामगिरीविषयी आलेला अर्ज छापायचा नाही, समितीकडे पाठवायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही. आला की दप्तरी दाखल आणि विषय संपला. हा तोंडबंदीचा नियम 'गॅग रूल' म्हणून कुप्रसिद्ध झाला.

तोवर उत्तरेकडून अर्जांचा पूर लोटला होता. बऱ्याच अर्जांतली मागणी माफक होती: निदान राजधानी वॉशिंग्टनमध्ये तरी गुलामगिरी नको. हे शहर थेट काँग्रेसच्या अखत्यारीत असल्याने 'हा राज्यांचा प्रश्न' ही सबब तिथे चालत नव्हती. कायदे करणाऱ्या सभागृहापासून थोड्याच अंतरावर विक्रीसाठी आणलेली माणसे कोठड्यांत डांबलेली असत. सह्या गोळा करण्यात बायका पुढे होत्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता. हाती होता तो फक्त अर्ज. दारोदार फिरून त्या सह्या घेत आणि कागदाला कागद जोडत जात.

दक्षिणेला हे सोसवेना, आणि तिच्याजवळ संख्याबळही होते. राज्यघटनेनुसार जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब होता. 1830 च्या जनगणनेत गुलामांची संख्या 20 लाखांवर होती. मत त्यांना नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जादा जागा! शिवाय दक्षिणेला दुखवायची तयारी नसलेले उत्तरेतले खासदार साथीला होतेच.

या भिंतीवर धडका मारल्या त्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर हा माणूस साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात आला होता. गुलामगिरीचे ते विरोधक, पण आरंभी त्यांचे भांडण होते ते नागरिकाच्या अर्ज करण्याच्या हक्कासाठी. फेब्रुवारी 1837 मध्ये त्यांनी सभापतींना विचारले, की आपल्याकडे 22 गुलामांचा म्हणून एक अर्ज आला आहे, तो या नियमाखाली येतो का? सभागृहात एकच गदारोळ उठला. यांना बाहेर काढा, यांची निर्भर्त्सना करा, अशा आरोळ्या उठल्या. बराच आरडाओरडा होऊ दिल्यावर ॲडम्सनी सांगितले, की अर्जातली मागणी गुलामगिरी रद्द करू नका अशी आहे. दक्षिणेचे खासदार आणखीच खवळले. अखेर गुलामांना अर्ज करण्याचा हक्कच नाही, असा ठराव करून सभागृह मोकळे झाले.

1840 मध्ये नियम आणखी कडक झाला. असे अर्ज आता स्वीकारायचेच नाहीत असे ठरले. पण 114 विरुद्ध 108 हे मतदान पाहा. उत्तरेतली साथ सुटत चालली होती. 1842 मध्ये 74 वर्षांच्या ॲडम्सवर निर्भर्त्सनेचा ठराव आला. त्यांनी बचावाची संधी साधून कित्येक दिवस गुलामगिरीवरच भाषण केले, आणि तो ठराव विरोधकांनाच गुंडाळावा लागला. त्याच वर्षी ओहायोचे जोशुआ गिडिंग्ज यांची निर्भर्त्सना झाली. त्यांनी राजीनामा दिला आणि मतदारांनी त्यांना प्रचंड मतांनी परत पाठवले.

3 डिसेंबर 1844 रोजी 108 विरुद्ध 80 मतांनी हा नियम रद्द झाला. एकही गुलाम त्यामुळे सुटला नाही, हे खरे. पण ज्या गोऱ्या शेतकऱ्याला, शिक्षिकेला गुलामाच्या बेड्यांशी देणेघेणे नव्हते, त्यांनाही कळून चुकले होते, की या व्यवस्थेला टिकायचे तर आपलेही तोंड बंद करावे लागते. गुलामगिरीच्या रक्षणकर्त्यांनी स्वतःचे एवढे नुकसान दुसऱ्या कशाने क्वचितच करून घेतले असेल.

तरीही पुढची दोन दशके आणि एक भीषण यादवी युद्ध लागले. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहाने 31 जानेवारी 1865 रोजी 119 विरुद्ध 56 मतांनी मंजूर केली, आणि वर्ष संपण्याआधी ती अमलात आली. या लढ्याची दखल पुण्यातही घेतली गेली: जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना तो अर्पण केला.