मोटारगाडीतील मंद्र ध्वनिक्षेपक व विवर्धक

सुमारे २० ते १०० हर्ट्झ या कंप्रतांचे, म्हणजे खर्जातील, ध्वनी निर्माण करणारा ध्वनिक्षेपक व त्याला शक्ती पुरविणारा विवर्धक यांची मोटारगाडीच्या विद्युत् घटमालेवर चालणारी जोडी. व्यवहारात ध्वनिक्षेपकाला ‘सबवूफर’ व विवर्धकाला ‘अँप’ म्हणतात. या जोडीचा इतिहास जितका वाढत्या शक्तीचा, तितकाच ती शक्ती काबूत ठेवण्याचा आहे. दोहोंवर छापलेले वॉटचे आकडे सारखे असणे म्हणजे जुळणी नव्हे. संरोध, अखंड शक्ती व विद्युत् दाब या तीन मर्यादांचा मेळ घालणे म्हणजे जुळणी होय.

इतिहास : पीटर जेन्सन व एडविन प्रिडॅम यांनी १९१५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे हलत्या वेटोळ्याच्या कर्ण्याने जनसमूहास आवाज ऐकविला. आज सर्वत्र आढळणारा, शंक्वाकार पटल असलेला ध्वनिक्षेपक चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. त्या काळच्या इलेक्ट्रॉन नलिकांचा संरोध हजारो ओहम, तर ध्वनिक्षेपकाच्या वेटोळ्याचा काही ओहमच असे. दोहोंमध्ये रोहित्र घालून संरोध जुळवावे लागत. ‘जुळणी’ हा शब्द या काळात रूढ झाला.

महाराष्ट्रात ही विद्या प्रथम सभा व उत्सवांच्या मंडपांतून पसरली. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात मुंबईच्या शिकागो रेडिओ या संस्थेचे ध्वनिक्षेपक राष्ट्रीय चळवळीच्या सभांतून परिचित झाले. मंडपातील लांब तारांवर अनेक कर्णे लावताना १०० व्होल्टची वाहिनी वापरीत. प्रत्येक कर्ण्याला स्वतंत्र रोहित्र असे आणि सर्व कर्ण्यांच्या वॉटची बेरीज विवर्धकाच्या शक्तीपेक्षा अधिक होऊ न देण्याची दक्षता घेतली जाई. पुढे मोटारगाडीत हीच शिस्त वेगळ्या रूपाने आवश्यक ठरली.

मोटारगाडीतील रेडिओ १९३० पासून अमेरिकेत लोकप्रिय होऊ लागला. घटमालेचा दाब नलिकांना अपुरा असल्याने कंपकाने प्रवाह खंडित करून व रोहित्राने दाब वाढवून तो दिला जाई. ट्रँझिस्टरांमुळे कंपकाची गरज संपली, तथापि शक्तीवर मर्यादा आली. चालू एंजिनाच्या गाडीतील १४·४ व्होल्ट दाबावर साध्या मंडलातून ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकास सैद्धांतिक दृष्ट्याही सुमारे ६·५ वॉट शक्ती मिळते. दोन मंडले सेतूप्रमाणे जोडल्यास ती सु. २६ वॉट होते व प्रत्यक्षात याहूनही कमी भरते. म्हणून १९७० नंतर विवर्धकातच इलेक्ट्रॉनीय स्विचांनी दाब वाढविण्याची सोय करण्यात आली. जुन्या कंपकाचे तत्त्व अशा रीतीने नव्या रूपात परत आले व शेकडो वॉट शक्ती शक्य झाली. याच सुमारास नेव्हिल थीले (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७२–७३) यांनी ध्वनिक्षेपक व त्याची पेटी यांचा गणिती संबंध प्रस्थापित केला, त्यामुळे गाडीत मावणाऱ्या लहान पेटीची रचना गणिताने करणे सुलभ झाले.

शक्तीचे आकडे : शक्ती वाढली तशी आकड्यांची अतिशयोक्तीही वाढली. गृहोपयोगी विवर्धकांची अखंड शक्ती कशी सांगावी याचा नियम अमेरिकेत १९७४ मध्ये झाला. भारतीय बाजारपेठेत पुढील काळात ‘पीएमपीओ’ या नावाने क्षणिक शक्तीचे अवास्तव आकडे छापले जात. त्यांचा जुळणीस काहीही उपयोग नाही. मोटारगाडीतील विवर्धकांसाठी २००३ मध्ये अमेरिकेत जे मानक आले, त्यानुसार १४·४ व्होल्ट दाब, ४ ओहम भार व १ टक्क्यापर्यंत विकृती या अटींवर शक्ती मोजतात. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला अखंड शक्तीचा आकडाच तुलनेस ग्राह्य असतो.

जुळणी : प्रथम संरोध पाहावा. ४ ओहमची दोन वेटोळी अनेकसरी जोडल्यास २ व एकसरी जोडल्यास ८ ओहम भार होतो. विवर्धकास सोसवणाऱ्या किमान संरोधापेक्षा भार कमी असल्यास प्रवाह वाढून विवर्धक तापतो किंवा बंद पडतो. नंतर अखंड शक्ती पाहावी. विवर्धक ध्वनिक्षेपकापेक्षा काहीसा मोठा असला तरी चालते. मात्र त्याचा दाब मर्यादेत ठेवला पाहिजे. उलट लहान विवर्धकास त्याच्या आवाक्याबाहेर ताणल्यास तरंगाचे माथे छाटले जाऊन तो चौरसाकार होतो. तितक्याच उंचीच्या चौरस तरंगात मूळ ज्या-तरंगाच्या दुप्पट शक्ती असते, त्यामुळे ‘लहान विवर्धक म्हणजे सुरक्षित’ हा समज धोक्याचा ठरतो.

लाभाची मांडणी : विवर्धकावरील ‘गेन’ ही कळ आवाज वाढविण्यासाठी नसते. वादकयंत्राकडून येणाऱ्या दाबाशी विवर्धकाची संवेदनशीलता जुळविणे हे तिचे कार्य होय. विवर्धकाची त्या भारावरील व ध्वनिक्षेपकाची अशा दोन अखंड शक्तींपैकी लहान आकडा घेऊन त्यास संरोधाने गुणावे व गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. तो अपेक्षित दाब होय. उदा., ३०० वॉट व ४ ओहमसाठी तो सु. ३४·६ व्होल्ट येतो. ध्वनिक्षेपक सोडवून, खर्ज वाढविणारी सर्व बटणे शून्यावर व लाभ किमान ठेवून, वादकयंत्राचा आवाज सु. तीन-चतुर्थांशावर नेतात व पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा स्वर वाजवितात. मग बहुमापक प्रत्यावर्ती दाबावर ठेवून अपेक्षित दाब दिसेपर्यंतच लाभ वाढवितात. ही कंप्रता घरगुती विजेचीच असल्याने साधा मापकही येथे विश्वसनीय ठरतो. तरंगाची छाटणी मात्र त्यावर दिसत नाही. त्यासाठी दोलनदर्शक लागतो.

तारा व सुरक्षा : ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॉटचा विवर्धक पूर्ण शक्तीवर घटमालेकडून सु. ४५ अँपिअर प्रवाह घेतो. ५ मी. लांबीची २·५ चौ. मिमी. तांब्याची तार वापरल्यास तीत सु. १·६ व्होल्ट दाब खर्ची पडतो व सु. ७० वॉट उष्णता निर्माण होते, १६ चौ. मिमी. तारेत दाबाची घट सु. पाव व्होल्टच राहते. वितळतार घटमालेलगत बसवावी लागते, कारण ती विवर्धकाचे नव्हे, तर तारेचे संरक्षण करते. घटमालेपासून दूर बसविल्यास मधली तार गाडीच्या पत्र्याला घासून आग लागण्याचा धोका कायम राहतो.

कोकण किनाऱ्यावर याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. दापोली तालुक्यातील हर्णे या मासेमारी बंदरात मासळीचा लिलाव वाळूवरच होतो व वाहनांचा खारे पाणी, बर्फ आणि दमट हवा यांच्याशी नित्य संबंध येतो. अशा हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढून जोडाचा रोध वाढतो. केवळ ०·०२ ओहम रोधाच्या जोडातही ४५ अँपिअरला सु. ४० वॉट उष्णता निर्माण होते. कथिलाचा मुलामा दिलेली तार व वेळोवेळी घासून साफ केलेले जोड हा त्यावरील उपाय होय.

ध्वनी व कायदा : उत्सवांच्या मिरवणुकांत वाहनांवरील प्रचंड ध्वनिव्यवस्था रूढ झाली. पश्चिम महाराष्ट्रात तिला ‘डॉल्बी’ म्हणतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात रात्री १० ते सकाळी ६ या काळातील ध्वनिक्षेपकबंदीवर भर दिला. ही मोजणी ‘ए’ श्रेणीत होते व त्या श्रेणीत ५० हर्ट्झचा स्वर सु. ३० डेसिबेलने कमी धरला जातो. त्यामुळे मापकावर आकडा लहान दिसूनही शेजारच्या घराच्या खिडक्या थरथरतात.

शक्ती निम्मी केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने उतरते. ऐकणाऱ्यास हा फरक जेमतेम जाणवतो. वेटोळे, तार व शेजारी यांच्या दृष्टीने मात्र तो मोठा असतो.