सेंटिमीटरला दहा रेषाजोड्या
सीटी स्कॅनचे यंत्र किती बारीक तपशील सुटा दाखवते, हे मोजण्याचे माप. धातूची एक पट्टी व शेजारची तेवढ्याच रुंदीची मोकळी जागा मिळून एक रेषाजोडी. सेंटिमीटरला दहा, म्हणजे प्रत्येक पट्टी अर्धा मिलिमीटर. दाट होत जाणाऱ्या पट्ट्यांचे गट बसवलेला प्लास्टिकचा गोल ठोकळा, म्हणजे फँटम, रुग्णाच्या जागी ठेवून स्कॅन करतात व पट्ट्या ज्या गटापर्यंत वेगळ्या दिसतात तो आकडा नोंदवतात. नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो. बारीक तारेच्या प्रतिमेवरून गणिताने काढलेला आकडा अधिक भरवशाचा. हाडांसाठीची प्रतिमापद्धत हाच आकडा वाढवते, पण चित्र कणीदार करते. त्यामुळे पद्धत न सांगता दिलेला आकडा अपुराच. फुप्फुसातील सूक्ष्म बदल पाहताना कापही पातळ, सुमारे एक मिलिमीटरचे, घ्यावे लागतात.