औट्रमच्या यादीतील २५ अस्वले

१/ चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट खानदेशातील बहुतेकांनी ओलांडलेला असतो. ज्या जेम्स औट्रमचे नाव या घाटाला मिळाले, त्याचा तळ होता धरणगावात. हे गाव पूर्वी एरंडोल तालुक्यातच मोडत असे. या धाग्यात त्याच्या लढायांविषयी नव्हे, तर त्याच्या नावावर जमा असलेल्या एका यादीविषयी लिहायचे आहे.

२/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. त्याआधीच्या दोन दशकांत लढाया, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख पिंजून काढला होता. गावे ओस पडली, शेतांत झाडी माजली. माणूस मागे सरला तेथे वाघ आणि अस्वले पुढे आली.

३/ डोंगरांतील भिल्लांना कंपनी सरकार बळाने नमवू शकले नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले. हे काम मिळालेला औट्रम तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. त्याच्याच कथनानुसार प्रारंभी केवळ पाच भिल्ल त्याच्यासोबत यायला तयार झाले.

४/ हा विश्वास त्याने मिळवला तो बव्हंशी शिकारीतून. भिल्लांसोबत रानात राहायचे, वाघासमोर स्वतः पुढे व्हायचे, ही त्याची रीत. शिकार हा त्याचा छंद होता, तसेच ते राज्य बसवण्याचे साधनही होते. वाघ मारणारा साहेब हाच रक्षणकर्ता, असा संदेश त्यातून गावोगाव जात होता.

५/ आता ती यादी. गोल्डस्मिड याने १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रानुसार, १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रमच्या उपस्थितीत मारले गेले १९१ वाघ, १५ बिबटे, १२ रानम्हशी आणि २५ अस्वले. खानदेशातील अस्वलांचा लेखी इतिहास असा मेलेल्या अस्वलांच्या मोजणीतून आपल्यापर्यंत आला आहे.

६/ या आकड्यांत काय नाही ते पाहा. अस्वल कुठल्या नाल्यात पाणी पिते, कोणत्या वारुळाशी रात्री येते, पिलांसह असलेल्या मादीपासून किती अंतर राखावे, हे यादी सांगत नाही. पण हे ठाऊक असल्याखेरीज एकही शिकार साधली नसती. ते ज्ञान माग काढणाऱ्या भिल्लांपाशी होते.

७/ युरोपातील पोथीविद्येची स्थिती पाहिली, तर या ज्ञानाची किंमत कळते. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाचे वर्गीकरण चक्क दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या संथ प्राण्यासोबत केले. लांब नखे आणि वरच्या जबड्यात नसलेले पुढचे दोन दात पाहून त्याची फसगत झाली. इंग्रजी नावात ती चूक आजही टिकून आहे.

८/ त्या दोन दातांच्या जागी असलेली फट हीच खरी युक्ती. अस्वल नखांनी वारूळ फोडते, फुंकर घालून माती उडवते, नाकपुड्या मिटते आणि त्या फटीतून वाळवी ओढून घेते. तो आवाज दूरवर ऐकू येतो. शिवाय मध, बोरे, जांभळे आणि उन्हाळ्याच्या तोंडी गळणारी मोहाची फुले. मोह वेचणारी माणसे आणि अस्वल यांची गाठ पडते ती येथेच.

९/ अलास्कातील ब्रूक्स धबधब्यावर तपकिरी अस्वले समुद्रातून परतणारे सामन मासे पकडतात, हे दृश्य जगप्रसिद्ध आहे. माशांचे अवशेष रानात पडून समुद्राचे सत्त्व झाडांच्या मुळांशी पोहोचते. आपले अस्वल मासेमार नव्हे. पण त्याच्या विष्ठेतून फळांच्या बिया पसरतात. रान आणि अस्वल एकमेकांना पोसतात, हे दोन्हीकडे सारखेच.

१०/ समुद्रातून नदीत चढणारा मासा आपल्याकडेही आहे, तो म्हणजे पाला. भरुचजवळ तो पावसाळ्यात नर्मदेत शिरतो. तापीवर मात्र आधी काकरापारचा बंधारा आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण यांनी समुद्राकडून वर येणारी वाट अडवली. बंदुकीने जे होते, ते भिंतीनेही होऊ शकते.

११/ औट्रम १८३५ मध्ये खानदेशातून गेला. पुढे १८५७ च्या लखनौमुळे तो गाजला आणि १८६३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला दफन करण्यात आले. इकडे शेती पसरत गेली, झाडी हटत गेली आणि अस्वल सातपुड्याच्या कुशीत सरकले. १९६९ मध्ये यावल अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला.

१२/ आज बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे बसतात आणि चांदण्यात आलेल्या प्राण्यांची नोंद करतात. मचाण तेच, हाती बंदुकीऐवजी वही. तेथेही अनेकदा वाट दाखवतो तो स्थानिक आदिवासीच. औट्रमचे नाव घाटाला आहे, चरित्रात आहे. या नव्या वह्यांत प्राण्यांच्या आकड्यांसोबत वाट दाखवणाऱ्याचेही नाव लिहिले जावे. यादी पूर्ण होईल ती तेव्हाच.

(धागा समाप्त)