टाळेबंदी आणि वृद्धांच्या आठवणी

इ. स. १९१८ मध्यें पहिलें महायुद्ध संपत आलें असतां इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरांतून हिंदुस्थानांत शिरली आणि तिनें एक कोटीहून अधिक बळी घेतले. परंतु २०२० सालीं करोनाची साथ आली, तेव्हां त्या संहाराची प्रत्यक्ष आठवण सांगणारें माणूस औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, क्वचितच उरलें होतें. म्हणून २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू होतांच ऐंशीच्या घरांतील वृद्धांस बंद दारांचा दुसराच काळ आठवावा, हें साहजिक होतें.

तो काळ १९४८ चा. निजामी राजवटींत कासीम रझवीच्या रझाकारांनीं धुमाकूळ मांडला होता. कित्येक कुटुंबें सरहद्दीपलीकडे आश्रयास गेलीं. ता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, व १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. त्यानंतर संस्थानांत अनेक निरपराध मुसलमानांचाहि बळी गेला, हें विसरतां कामा नये.

मात्र दोन्ही प्रसंगांत भेद आहे. १९४८ मध्यें जीव वांचविण्यास लोकांनीं घर सोडलें. २०२० मध्यें घर गांठण्यास निघालेले १६ मजूर ८ मे रोजीं करमाडजवळ मालगाडीखालीं सांपडले. युद्धांत शेजार हा आधार असतो. साथींत तोच दूर ठेवावा लागला, नातवंडेंहि दुरावलीं.

१९१८ च्या आठवणी लिहून न ठेविल्यानें बहुतेक लोपल्या. १९४८ पाहिलेलीं माणसें आतां थोडींच आहेत. त्यांचें बोलणें घरोघरीं वेळींच टिपून ठेवावें.