पाचूचा भास

काशीच्या दूधविनायक भागातील मराठी घरांत संध्येची तांब्याची पळी-पंचपात्री चिंचेने घासून लखलखीत ठेवीत असत; चार दिवस हयगय झाली की तीवर हिरवट पूट चढे. तांब्याचा हाच हिरवा रंग भूगर्भात क्वचित पाचूलाही लाजवील असे रूप धारण करतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कझाकस्तानातील अल्तिन-त्युबे येथील तांब्याच्या खाणीत असे गर्द हिरवे स्फटिक सापडले. ते पाचूच, अशा समजुतीने त्यांचे नमुने रशियाच्या राजदरबारी गेले. परंतु पाचूत बेरिलियम असते. येथे निघाले तांबे, सिलिका आणि पाणी. आजच्या मोजमापाने पाचूची कठीणता ७.५ ते ८, तर याची अवघी ५.

१७९७ मध्ये फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रने-जुस्त आयुई यांनी त्याला ‘डायॉप्टेज’ हे ग्रीक धातूंवरून साधलेले नाव दिले. हा स्फटिक ज्या प्रतलांवर दुभंगतो, ती त्याच्या आरपार दिसतात, असा त्याचा भाव. सहज दुभंगण्याच्या या स्वभावामुळेच त्याला पैलू पाडणे जोखमीचे ठरते.

खाणवाल्यांची रत्नांची आशा मावळली. खनिजशास्त्राच्या पदरात मात्र एक नवे खनिज पडले. रंगावरून पदार्थाचे कूळ ठरत नाही, ते परीक्षेनेच कळते, हे त्याने दाखवून दिले.