पंतावणे सर आणि माझी लाल शाई

आमच्या पालीकडे ‘एजंट’ म्हटलं की लोकांना विम्याचा एजंट आठवतो, आणि जरा जुन्या माणसाला बैलबाजारातला दलाल. नेकनूरच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवणारे दलाल मी लहानपणी पाहिले आहेत. पण लेखकाचाही एजंट असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. इंग्लंड-अमेरिकेत म्हणे लेखक आपलं बाड थेट प्रकाशकाकडे नेत नाही. मधला माणूस ते वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, योग्य दारात नेतो आणि मोबदल्यात शेकडा दहा-पंधरा टक्के घेतो.

मराठीत हा धंदा फारसा रुजलाच नाही. आपल्याकडे ते काम नियतकालिकांच्या संपादकांनी केलं. मुंबईत गिरगावच्या खटाववाडीतून ‘सत्यकथा’च्या संपादकांनी नवे लेखक घडवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खटाववाडी बीडपासून फार लांब होती. नुसती मैलांनी नव्हे. तिथल्या भाषेचीच आम्हाला धास्ती वाटायची. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना जवळचं दार होतं ते औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर), आणि त्या दारात उभे होते प्रा. गंगाधर पंतावणे.

सर मूळचे नागपूरचे. जन्म २८ जून १९३७. शिक्षणही तिकडेच झालं. पुढे बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक म्हणून आले आणि इकडचेच झाले. नंतर विद्यापीठातही शिकवलं. मिलिंदमध्ये तेव्हा म. ना. वानखेडे यांच्यासारखा अमेरिकेत शिकून आलेला, तिथलं निग्रो साहित्य (तेव्हा हाच शब्द वापरत) वाचलेला माणूस होता. त्या वातावरणातून १९६७-६८ च्या सुमारास ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक निघालं. सरांनी ते जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. ज्यांनी शाळेचं साधं हस्तलिखित चालवलंय त्यांना विचारा, पन्नास वर्षं म्हणजे काय ते! वर्गणीदार जमवायचे, कागद आणायचा, प्रुफं तपासायची, अंक टपालात टाकायचे, आणि हे सगळं नोकरी सांभाळून.

काळ बघा. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आला होता. ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, मिलिंदच्याच प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं. आज ही नावं अभ्यासक्रमात आहेत. पण त्यांच्या मागे खेड्यापाड्यातली, वसतिगृहात राहणारी शेकडो पोरं लिहीत होती. त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती. त्यांची पहिली कविता, पहिली कथा कुणी छापायची? ‘अस्मितादर्श’ छापत होता. शिवाय ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरत. अंकात ज्याचं नाव वाचलं तो माणूस समोर बसलेला दिसे. बैलबाजारातला दलाल दोन्ही बाजूंकडून घेतो. इथे घेणं नव्हतंच.

सर स्वतः लेखक होते हे या सगळ्यात मागे पडलं, असं मला वाटतं. ‘मूल्यवेध’, ‘विद्रोहाचे पाणी पेटले आहे’, ‘वादळाचे वंशज’ ही त्यांची पुस्तकं. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर त्यांनी संशोधन केलं. ‘मूकनायक’ १९२० चा, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चा. दोन्ही पत्रं पैशाअभावी रखडत चाललेली. त्या पत्रांचा अभ्यास करणाऱ्याने स्वतः तसंच एक पत्र चालवावं, यात मला नवल वाटत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायची बरीच वर्षं टाळली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप दरसाल मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जात, आणि हा दिवाळीनंतर वर्गातून गायब होई. एकदा त्याने वहीच्या पानावर कविता लिहून आणली. कोयत्याची, पाचटाची, पहाटेच्या गाडीची. त्यात ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘लई’ असे शब्द. मी मराठीचा बी. ए., शुद्धलेखनाचा अभिमान असलेला मास्तर! लाल शाईने पान भरून टाकलं आणि खाली शेरा दिला, ‘प्रथम भाषा शुद्ध करावी.’ शेरा चांगल्या मनानेच दिला होता, हे आज सांगून काय उपयोग?

पुढे दोन-तीन वर्षांनी बीडला एका वाचनालयात ‘अस्मितादर्श’चे जुने अंक चाळत बसलो होतो. पान उलटलं की ‘व्हतं’, पुढचं पान उलटलं की ‘न्हाई’. एका विद्वान प्राध्यापकाने, ज्याला माझ्यापेक्षा दसपट व्याकरण येत होतं, ते शब्द तसेच ठेवले होते. मी अंक मिटला आणि संध्याकाळच्या एसटीने पालीला परत आलो. बिंदुसरा तलावाजवळ येईपर्यंत डोक्यात ते एक पानच होतं.

सरांना २००९ साली अमेरिकेत सॅन होजे इथे झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. अखिल भारतीय संमेलनाचं मात्र कधीच मिळालं नाही. त्याची कारणं जाणकारांनी शोधावीत. जानेवारी २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि २७ मार्चला सर गेले. मी पेपर दोनदा वाचला. एकदा भाषण ऐकण्यापलीकडे माझी त्यांची ओळख नव्हती. पत्र लिहावं असं अनेकदा मनात आलं, पण लिहिलं नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला आहे. ट्रॅक्टर चालवतो, सणाला गावात आला की पाया पडतो. सर गेल्यानंतरच्या दिवाळीत मी धीर करून त्या कवितेचं विचारलं.

“कोणती हो गुरुजी?” म्हणाला. मग जरा आठवून हसला. “ती व्हय! ती वही आईनं कोपीवर चूल पेटवायला नेली व्हती.”

“पुन्हा लिहिलंस का कधी?”

“न्हाई. तुमी म्हनला व्हता ना, आधी भाषा शुद्ध कर म्हनून. ती काय झाली न्हाई.”

हसतच सांगत होता. हिने आतून चहा आणला, तो त्याने बशीत ओतून घेतला आणि यंदाच्या पावसाविषयी बोलू लागला.